बंद हाय का न्हाईच?

साल १९७४. श्रावणातला शनिवार, अर्ध्या दिवसाची शाळा सुटलेली. पैज पाच रुपयांची. जागा, बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या आमच्या मराठी हायस्कुलातली शिक्षकांची खोली. हजर चौघे : घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारे मुख्याध्यापक हिरेमठ सर, हिंदी-उर्दू शिकवणारे करीम साहेब, गणित शिकवणारा मी, आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या विमलाक्का. पैज विमलाक्कांनी लावली आणि मी घेतली. दोघांचे मिळून दहा रुपये करीम साहेबांकडे ठेवले. त्यांच्या शेरवानीचा आतला खिसा खोल होता आणि आम्हा सर्वांचा त्या खिशावर विश्वास होता.

वाद पोरांनी आणला होता. विमलाक्कांनी नववीच्या वर्गात सांगितलं, की शरीरातल्या प्रत्येक पेशीत साऱ्या शरीराची जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीत कातडीची, कातडीच्या पेशीत डोळ्याची. पुढचा तास माझा. पोरांनी मला विचारलं, मास्तर, हे खरं का? मला ते हिशेबात बसेना. चौघे भाऊ वेगळे झाले तर ज्याचा तुकडा त्याची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, त्याच्याकडे. साऱ्या गावाची पहाणी बगलेत मारून कोणी हिंडत नाही. मी शिक्षकांच्या खोलीत तसं बोलून दाखवलं.

"वाटणी तुमच्या घरात व्हत आसंल मास्तर, शरीरात व्हत न्हाई," विमलाक्का म्हणाल्या. "बीजपेशी सोडा, तिच्यात निम्मंच आसतंय. तांबडी पेशी सोडा, ती सगळंच टाकून मोकळी व्हती. बाकी आख्ख्या शरीरात एकाही पेशीत काही कमी न्हाई. जे दिसत न्हाई ते बंद हाय."

"मग रोगजंतूंचं काय?" मी विचारलं. "पांढऱ्या पेशी प्रत्येक जंतूसाठी वेगळं हत्यार घडवतात, हे तुम्हीच शिकवता. जंतू मोजता येणार नाहीत इतके. तितक्या हत्यारांचे नमुने एका पेशीत मावायचे कसे?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "ह्याचं उत्तर मला येत न्हाई. पर पैज सोडत न्हाई."

"बाई, उत्तर नै आता तो पैज कायकू?" करीम साहेब हसले.

"उत्तर यायलं आसतं तर पैज कामून लावली आसती? सांगून टाकलं नसतं का?"

हिरेमठ सरांना आम्ही पंच केलं. त्यांनी अट घातली, की पुरावा छापील हवा. "एन्री, अहो मास्तर, तुमच्या पहाणीवर शरीर चालत नाही, आणि बाईंच्या आवाजावरही चालत नाही."

विमलाक्का माझ्या शेजारी राहत. आमच्या दोन घरांना भिंत एकच होती आणि ओटाही एकच. नवरा माणिकराव, बियाणं आणि खताचं दुकान चालवायचे आणि बायकोच्या बोलण्याला मान डोलावायचे. मूलबाळ नव्हतं. उंच बांधा, पांढरी सुती साडी, हातात नेहमी खडूची भुकटी. त्यांच्या एका सवयीने मात्र सारं गाव हैराण होतं. एखादी गोष्ट नाही असं कोणी म्हटलं, की त्या विचारत, "बंद हाय का न्हाईच?"

नळाला पाणी नाही म्हटलं तरी हाच प्रश्न. रेशनला साखर नाही म्हटलं तरी हाच. एकदा माझ्या गावी, ठाणाकुशनूरला, एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं. आम्ही दोघं स्टँडवर उभे. कंट्रोलर म्हणाला, कुशनूरची गाडी नाही.

"बंद हाय का न्हाईच?"

"काय फरक पडतो अक्का? गाडी न्हाई म्हणजे न्हाई."

"फरक कामून पडत न्हाई? बंद पडली आसंल तर नीट व्हईल, मी बसते. न्हाईच आसंल तर बसून काय करू? चालायला लागते."

कंट्रोलर बिचारा उठून विचारायला गेला. डेपोतच गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. "बंद हाय," तो येऊन म्हणाला. विमलाक्का बाकड्यावर बसल्या आणि पिशवीतून शेंगा काढल्या. दुपार कलल्यावर गाडी आली. लग्न लागून गेलं होतं, पण जेवणाला पोचलो.

त्यांचं शिकवणं मी भिंतीपलीकडच्या वर्गातून पुष्कळ ऐकलं. पेशीत सगळं असून थोडंच कसं चालू राहतं, हे त्यांनी पोरांना कसं समजावलं तेवढं सांगतो. त्यांनी एका पोराला उभं केलं. त्याचा बाप स्टेशनात हमाल होता.

"घरी काय बोलतोस?"

"मराठी, बाई."

"मोंढ्याच्या बाजारात?"

"हिंदी बोलतो. आपली, इकडली."

"तहसीलात बापासंगं गेलास तर?"

"कानडी."

"मग घरी आलास की कानडी कुठं ठेवतोस? खुंटीला टांगतोस व्हय रे?"

वर्ग हसला. पोरगं डोकं खाजवत म्हणालं, "तोंडातच आसती बाई. पर येत न्हाई."

"येत न्हाई न्हवं, तू येऊ देत न्हाईस. कोण सांगतंय तुला बंद कर म्हणून?"

"कोणीच न्हाई. आईचं तोंड बघितलं की मराठीच येती."

"झालं! पेशीचं बी तसंच. ती शेजारणीचं तोंड बघती आन् ठरवती, कुठलं उघडायचं, कुठलं बंद ठेवायचं. डोळ्याच्या शेजारात वाढली की डोळ्याचं बोलती. बाकीच्या भाषा तोंडातच ऱ्हातात." मग त्यांनी आणखी एक जोडलं. "पर काही पेशी तान्ह्या लेकरावानी आसतात. अजून कुठल्याच भाषेत पक्क्या झालेल्या न्हाईत. हाडाच्या मज्जेत बसलेल्या आसतात. त्यास्नी मी आईपेशी म्हणते. एक लेक तांबडी व्हती, एक पांढरी व्हती, आन् आई परत आईच ऱ्हाती."

मज्जा म्हटल्यावर पोरं खिदळली. दरवर्षी खिदळायची. "हसा, हसा," त्या म्हणायच्या, "हाडात मज्जा हाय म्हणूनच माणूस हसतो."

भाषांचा हा दाखला त्यांना सुचला तो स्वतःवरून, हे मला त्याच वर्षी कळलं. त्यांचं माहेर औरादच्या पलीकडचं, तेलुगू बोलणारं. लग्न होऊन कमलनगरला आल्या त्याला वीस वर्षं झाली होती. या वीस वर्षांत त्यांच्या तोंडून तेलुगूचा शब्द कोणी ऐकला नव्हता. मी चिडवायचो, "अक्का, तुमची तेलुगू बंद नाही, गेलीच." त्या नुसत्या हसत. एके दुपारी रस्त्याच्या कामावरची एक बाई काखेत मूल घेऊन ओट्याशी आली. पाणी मागत होती, पण तिची भाषा मला कळेना. विमलाक्का आतून आल्या. तिला बसायला सांगत "रा अम्मा, कूर्चो," म्हणाल्या, आणि पुढे जो ओघ सुरू झाला तो पाणी पिऊन झालं, भाकरी खाऊन झाली तरी थांबेना. आवाजही वेगळाच, बारीक, एखाद्या मुलीसारखा. माणिकराव दुकानातून आले ते दारातच उभे राहिले. बाई गेल्यावर विमलाक्का माझ्याकडे वळल्या. "बघितलाव मास्तर? बंद व्हती."

"हा छापील पुरावा नव्हे," मी म्हणालो.

छापील पुरावा त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आणला. माणिकरावांना बियाणं खरेदीला हैदराबादला जायचं होतं. त्यांच्याबरोबर गेल्या, एका कॉलेजाच्या ग्रंथालयात दिवसभर बसल्या आणि हवी ती पानं हाताने उतरवून आणली. परदेशात कोणी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढलं होतं. अंड्याचं स्वतःचं केंद्रक निकामी करून त्या जागी हे घातलं होतं. अशा पुष्कळ अंड्यांतून थोडीच जगली, पण जी जगली त्यांतून आख्खे बेडूक झाले. डोळे, कातडी, पाय, सगळं. आतड्याच्या पेशीने आतड्याखेरीज बाकीचं टाकून दिलं असतं तर हे झालंच नसतं.

हिरेमठ सरांनी पानं दोनदा वाचली. पंच म्हणून काही प्रश्न विचारले. मग म्हणाले, "हौदु, खरं आहे. बाई जिंकल्या." करीम साहेबांनी खिशातून दहा रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवले. त्याच संध्याकाळी विमलाक्कांनी आम्हा तिघांना मिरचीची भजी खाऊ घातली. माझे पाच रुपये गेले त्याचं मला दुःख नव्हतं. जंतूंचा माझा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो त्यांच्याही डोक्यात राहिला होता. वर्षातून एकदा तरी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "मास्तर, हत्यारांचं काही कळलं न्हाई अजून."

अकरा वर्षं गेली. हिरेमठ सर निवृत्त होऊन कमलनगरातच राहिले. १९८५च्या उन्हाळ्यात विमलाक्कांच्या हातांवर निळे डाग दिसू लागले. कुठे आपटलं नसताना. वर्गात खडू उचलून फळ्यापर्यंत जाता जाता दम लागायचा. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा माणिकरावांनी बिदरला नेलं. बिदरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून हैदराबादला पाठवलं. मीही बरोबर गेलो. तिथल्या मोठ्या दवाखान्यात कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली.

डॉक्टर तरुण होते. ते माणिकरावांशी हळू आवाजात बोलायला लागले, तशा विमलाक्का खाटेवरून म्हणाल्या, "डॉक्टर, त्यास्नी काय सांगायलाव? त्यास्नी कळत न्हाई. मला सांगा. मी जीवशास्त्र शिकवते."

मग डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. मज्जेत आईपेशी फार कमी दिसतात, म्हणाले. रक्त तयारच होत नाही, तांबडंही नाही आणि पांढरंही नाही.

"बंद हाय का न्हाईच?"

डॉक्टरांना प्रश्न लागलीच कळला नाही. मी समजावून सांगितलं. त्यांनी विचार केला. आत्ताच सांगता येत नाही, म्हणाले. काही रुग्णांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीच चुकून स्वतःच्या मज्जेला दाबून धरतात असं वाटतं. तसं असेल तर त्यांना गोळ्यांनी शांत केलं की मज्जा पुन्हा काम करू शकते. तीन महिने गोळ्या घ्या, मग परत सुई घालून बघू. दुसरा उपाय म्हणजे सख्ख्या भावंडाची मज्जा जुळवून घालायची. पण विमलाक्कांना भावंड नव्हतं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. मन्नाएखेळ्ळीला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "गंमत बघा मास्तर. वेशीवरचे राखणदारच घरात घुसून आईचं तोंड दाबायलेत. आन् ती गप्प बसली हाय, का मेलीच हाय, ते बाहेरून कळत न्हाई." त्यांच्या आवाजात भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. उत्तर काय येतंय ते त्यांना खरोखरच बघायचं होतं.

ते तीन महिने रक्त चढवण्यात गेले. करीम साहेबांचं रक्त जुळलं. बिदरच्या दवाखान्यात बाटली लागली असताना विमलाक्का म्हणाल्या, "साहेब, आता माझ्या रक्तात उर्दू व्हायलीय."

"हौ बाई, अच्छे होने के बाद मुशायरे कू जायेंगे."

"पर ते तुमचं रक्त. माझ्या मज्जेनं काढलेलं न्हवं. ही उसनी भाषा, दोन आठवड्यांत इसरते."

गोळ्यांनी चेहरा सुजला होता. तरीही जमेल त्या दिवशी त्या शाळेत येत आणि खुर्चीत बसून शिकवत. त्या वर्षी मज्जेचा धडा आला तेव्हा पोरं हसली नाहीत. कोणीतरी त्यांना बजावून ठेवलं असणार. विमलाक्का रागावल्या. "कामून हसत न्हाईत रे? मज्जा म्हणलं की हसायचं आसतंय." मग पोरं हसली.

दिवाळीनंतर माणिकराव त्यांना पुन्हा हैदराबादला घेऊन गेले. मला परीक्षांमुळे जाता आलं नाही. परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, भिंतीवर टकटक झाली. "मास्तर, ओट्यावर या. हिरेमठ सरास्नी आन् करीम साहेबास्नी बोलावणं धाडलंय."

आम्ही जमलो. विमलाक्का उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ कागदासारखे पांढरे. माणिकराव उंबऱ्यात बसले होते, मान खाली घालून. मला वाटलं, निकाल सांगणार. पण त्या म्हणाल्या, "पैजेचा फेरनिकाल करायचा हाय."

"कुठली पैज?" हिरेमठ सरांनी विचारलं.

"एकच तर लावली जल्मात. मी काय म्हणले व्हते ते सांगा. शब्द न् शब्द."

हिरेमठ सरांची आठवण पक्की होती. "बीजपेशी आणि तांबडी पेशी सोडून, आख्ख्या शरीरात एकाही पेशीत काही कमी नाही."

"एकाही. हां. तो शब्द मला भोवला." त्या सावकाश, मध्ये मध्ये थांबत सांगू लागल्या. डॉक्टरांना त्यांनी जंतूंच्या हत्यारांचा प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर सापडून काही वर्षं झाली, असं डॉक्टर म्हणाले. कमलनगरला ते पोचलं नव्हतं इतकंच. "मास्तर, तुमचं बरोबर व्हतं. तितके नमुने पेशीत मावतच न्हाईत. पांढऱ्या पेशींतली एक जात हाय. ती लहान आसताना आपलीच जनुकं कापती. हिकडला एक तुकडा, तिकडला एक तुकडा उचलती आन् सांधती. मधलं टाकून देती. प्रत्येकीचं सांधणं निराळं, म्हणून प्रत्येकीचं हत्यार निराळं."

माझ्या डोक्यात लगेच गुणाकार सुरू झाला. "म्हणजे पाच लुगडी आणि चार चोळ्या असल्या तर वेश वीस होतात, पाच नव्हे आणि नऊही नव्हे. तुकडे थोडे, पण जोड्या अगणित."

"अस्संच!" त्यांचे डोळे चमकले. वर्गात एखाद्या पोराने बरोबर उत्तर दिलं की चमकायचे, तसे. "आन् टाकलेला तुकडा परत मिळत न्हाई. तिच्यात ते बंद न्हाई मास्तर. न्हाईच. म्हणजे एका जातीपुरती वाटणी व्हती. मी एकाही म्हणले. मी हरले."

"पण बाई," हिरेमठ सर म्हणाले, "बाकीच्या पेशींत तुमचंच खरं आहे. अर्धी पैज म्हणू."

"पंचानं लाड करू नयेत. अर्धी पैज कुठं आसती? निकाल द्या."

हिरेमठ सरांनी माझ्याकडे बघितलं, करीम साहेबांकडे बघितलं. मग घसा साफ केला. "मास्तर जिंकले."

विमलाक्कांनी उशीखालून दहाची नोट काढून करीम साहेबांना दिली. "पैसे तुमच्या खिशातून आले व्हते. तुमच्याच हातानं जाऊ द्या. पाच मास्तरांचे परत, पाच माझे. भज्यांचे कापून घेत न्हाई."

"अक्का, नको," मी म्हणालो. "नंतर बघू."

"नंतर कधी?"

इतका वेळ अडकलेला प्रश्न मग मीच विचारला. "तुमचं काय निघालं? सुईत?"

उंबऱ्यातून माणिकरावांनी मान वर केली नाही. विमलाक्कांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"न्हाईच. नुसती चरबी. डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकात मला बी दाखवली. मीच म्हणले दाखवा. आख्ख्या काचेवर एक आई दिसंना." मग करीम साहेबांच्या हातातल्या नोटेकडे बोट करून म्हणाल्या, "घ्या मास्तर. बंद आसती तर बसले आसते. न्हाईच म्हणल्यावर बसून काय करू? चालायला लागते."

ती नोट घेतली नसती, तर मी त्यांना आजारी बाई ठरवलं असतं. त्यांना पैज हरलेली शिक्षिका म्हणून ओट्यावरून उठायचं होतं.

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस तापात होत्या आणि नुसतं तेलुगू बोलत होत्या. त्या बारीक, मुलीच्या आवाजात. आमच्यापैकी कोणालाच ते कळलं नाही. माणिकराव मात्र प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, नेहमीसारखी.

पैजेचा शेवटचा हिशेब असा : रुपये दहा, विमलाक्कांकडून करीम साहेबांच्या हस्ते मला पोचले.